लाजायचं कशाला? सांगायचं!

मुलामुलींनो, एक सांगा बरं. रात्री अचानक वीज गेली, काडेपेटी सापडत नाहीये, घरात मिट्ट काळोख. तरीही तुम्ही न धडपडता पाण्याच्या माठापर्यंत जाता की नाही? कसे जाता? कारण उंबरठा कुठे आहे, आजीची खाट कुठे संपते, फडताळाचा कोपरा कुठे पुढे आलाय, हे सगळं तुमच्या पायांना पाठ असतं. आणि दुपारी कोणी स्टूल हलवून मधेच ठेवलं असेल, तर? पाय लागल्याबरोबर कळतं, "अरेच्चा! हे इथं नव्हतं!"

नव्यानं आलेल्या पाहुण्याला मात्र हे कळणार नाही. त्याला सगळंच नवीन. कुठली वस्तू जागची आणि कुठली हललेली, हे तो कसं सांगणार?

आपलं शरीर म्हणजेही आपलं घरच. त्याची नीट ओळख असेल, तर त्यात काही बदललं की ते आपल्याला लवकर कळतं. पण शरीराच्या काही भागांशी आपण पाहुण्यासारखे वागतो. त्यांच्याकडे पाहत नाही, त्यांच्याबद्दल बोलत नाही. असाच एक भाग म्हणजे स्तन.

शब्द वाचून खुदकन हसू आलं का? येऊ द्या. एकदा हसून घ्या आणि मग पुढे वाचा. डोळा, कान, गुडघा, तसाच हा एक शब्द. आजचा लेख मुलींनी वाचायचा, मुलांनी वाचायचा, आईनं वाचायचा आणि बाबांनीही पान न उलटता वाचायचा.

राणीनं लपवून ठेवलं

ही गोष्ट आहे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची. इराणात तेव्हा दरायस नावाचा बलाढ्य सम्राट राज्य करत होता. त्याची राणी अटोसा. ती सम्राट सायरसची मुलगी. म्हणजे बाप सम्राट, नवरा सम्राट आणि पुढे मुलगा झर्क्सिस तोही सम्राट! अशा राणीला कशाची कमी असणार?

पण या राणीच्या छातीवर एक गाठ आली. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यानं हे लिहून ठेवलं आहे. गाठ लहान होती तोवर राणीनं ती लपवली. लाज वाटली म्हणून कोणालाच सांगितलं नाही. पुढे गाठ फुटली, पसरू लागली. तेव्हा कुठे तिनं दरबारातल्या डेमोसिडीस नावाच्या ग्रीक वैद्याला बोलावलं. त्यानं तिला बरं केलं, असं हिरोडोटस सांगतो.

तो आजार नेमका कोणता, हा वाद आपण पंडितांवर सोडून देऊ. आपण एवढंच पाहू, की हाताशी नोकर-चाकर, राजवैद्य, सोनं-नाणं सगळं असताना राणीला अडवलं कोणी? फक्त लाजेनं. आणि अडीच हजार वर्षं झाली तरी ही लाज आपल्या घरांतून अजून पुरती गेलेली नाही.

आधी मुलींशी थोडं

पाचवी-सहावीतल्या मुलींच्या मनात एक भीती हमखास असते. ती कोणाला सांगितली जात नाही. "माझ्या छातीत काहीतरी कडक लागतंय. दप्तराचा पट्टा लागला तरी दुखतं. आणि एकाच बाजूला आहे! मला काही झालंय का?"

नाही गं, काही झालेलं नाही. तू मोठी होते आहेस, एवढंच. साधारण ८ ते १३ या वयात कधीतरी स्तनांची वाढ सुरू होते. सुरुवातीला स्तनाग्राच्या खाली बटणासारखी किंवा छोट्या सुपारीसारखी कडक चकती लागते. धक्का लागला की दुखते. पुष्कळदा ती आधी एका बाजूला येते आणि दुसरी बाजू काही महिन्यांनी मागून येते. पूर्ण वाढ झाल्यावरही दोन्ही बाजू अगदी एकसारख्या नसतात. आपले दोन तळवे तरी कुठे मापाला तंतोतंत सारखे असतात?

पुढे पाळी सुरू झाली की दर महिन्याला पाळीच्या आधी काही दिवस स्तन जड वाटतात, ठणकतात. पाळी आली की हळूहळू बरं वाटतं. हेही नेहमीचंच. मैत्रिणीची वाढ लवकर झाली, आपली उशिरा होतेय, म्हणूनही खट्टू व्हायचं नाही. एकाच दिवशी पेरलेल्या मेथीतसुद्धा सगळी रोपं एकाच दिवशी वर येत नाहीत.

तुमच्या वयात स्तनांचा कर्करोग जवळजवळ आढळतच नाही. म्हणून तुम्ही दर महिन्याला गाठी शोधत बसायचं मुळीच कारण नाही. आंघोळ करताना, कपडे बदलताना आपलं शरीर कसं आहे हे सहज ठाऊक असावं, एवढं पुरे. मात्र एखादी गाठ वाढतच चालली, एखादी जागा लाल होऊन गरम लागली आणि ताप आला, किंवा स्तनाग्रातून रक्त किंवा पू आला, तर त्याच दिवशी आईला सांगायचं. आठव्या वर्षाच्या आधीच वाढ सुरू झाली किंवा तेरा पूर्ण होऊनही काहीच खूण दिसली नाही, तरी डॉक्टरांना एकदा विचारायचं.

आणि मुलांनो, तुम्हीसुद्धा!

वाढीच्या वयात पुष्कळ मुलांच्याही छातीत अशीच छोटी, दुखरी चकती येते. शरीरातले वाढीचे रस कमी-जास्त होत असतात, त्याचा हा परिणाम. बहुतेकांची ती एक-दोन वर्षांत आपोआप जिरून जाते. म्हणून वर्गात कोणाला त्यावरून चिडवायचं नाही. आज तो, उद्या कदाचित तुम्ही! चकती खूप वाढली किंवा दोन वर्षांनीही राहिली, तर बाबांना सांगून डॉक्टरांना दाखवायची.

आणखी एक गोष्ट मुलगा-मुलगी दोघांसाठीही. हा भाग आपल्या मालकीचा आहे. डॉक्टरांनी तपासायची वेळ आली, तर आई, बाबा किंवा घरातलं विश्वासाचं मोठं माणूस सोबत हवंच. तपासणीच्या नावाखाली दुसऱ्या कोणी हात लावू पाहिला, तर मोठ्यानं "नाही" म्हणायचं आणि घरी येऊन लगेच सांगायचं.

आता आई, मावशी, आत्या, आजी

हा भाग घरातल्या बायकांसाठी आहे. मुलांनी तो त्यांना वाचून दाखवला तर फारच छान.

स्तनात दूध तयार करणाऱ्या ग्रंथी असतात, ते दूध वाहून आणणाऱ्या बारीक नळ्या असतात आणि भोवती चरबी असते. यातल्या काही पेशी कधी कधी शिस्त सोडतात. शरीराची आज्ञा न मानता वाढत सुटतात. तोच स्तनाचा कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगातल्या २३ लाख स्त्रियांना तो झाल्याचं कळलं. त्याच वर्षी भारतातला आकडा होता सुमारे १ लाख ९२ हजार. पुरुषांनाही तो होतो, पण शंभरात एखादाच रोगी पुरुष असतो.

हा रोग ताटात ताट घालून जेवल्यानं लागत नाही. आजारी मावशीच्या मांडीवर बसल्यानं लागत नाही. ब्लाउजमध्ये पैशाचं पाकीट ठेवल्यानं होत नाही. कोणाचा शाप नाही, की गेल्या जन्मीचं पाप नाही. वय वाढतं तशी त्याची शक्यता वाढते. आई, बहीण, मावशी यांच्यापैकी कोणाला झाला असेल तर जास्त सावध राहायचं आणि तपासणी कधी सुरू करायची हे डॉक्टरांना विचारायचं.

हा रोग लवकर कळला, तर उपचार सोपे होतात आणि बरं होण्याची आशा खूप वाढते. अनेकदा स्तन पूर्ण काढावाही लागत नाही. उशिरा कळला की सगळंच अवघड. म्हणूनच "माझं नेहमीचं कसं असतं?" हे प्रत्येक बाईला ठाऊक हवं.

बोटं वाचतात!

बोटांना खरंच एवढं कळतं का? जर्मनीतले डॉक्टर फ्रँक हॉफमन यांच्या मनात एक कल्पना आली. ज्यांना दिसत नाही, त्या ब्रेल लिपीतले बारीक ठिपके बोटांनी झरझर वाचतात. मग त्यांची बोटं स्तनातली छोटी गाठही ओळखू शकतील! त्यांनी अंध स्त्रियांना हे शिक्षण द्यायला सुरुवात केली. या स्त्रिया ब्रेलच्या खुणा असलेल्या चिकटपट्ट्या छातीवर लावतात आणि इंच न् इंच जागा सावकाश तपासतात. काही वेगळं लागलं, तर ते नेमकं कुठे आहे हे डॉक्टरांना सांगतात. पुढचा निर्णय डॉक्टरांचा. आपल्याकडे नवी दिल्लीतही अंध तरुणींना हे काम शिकवलं गेलं आहे. ज्यांना आपण "बिचाऱ्या" म्हणतो, त्यांच्या बोटांत केवढी विद्या, पाहा!

तुम्हीही हा खेळ करून पाहा. मोहरीचा एक दाणा, मुगाचा एक आणि वाटाण्याचा एक, असे तीन दाणे ताटात अंतर ठेवून मांडा. वर आईची ओढणी अंथरा. आता डोळे मिटून शोधा. बोटाच्या टोकानं टोचून पाहिलंत, तर दाणा निसटून पळतो. पण मधली तीन बोटं सपाट ठेवून, पेराच्या मऊ भागानं छोटे छोटे गोल फिरवलेत, तर दाणा लगेच हाताला लागतो. आता ओढणीच्या चार घड्या करा. मोहरी हरवली ना? थोडं दाबून पाहा. वाटाणा तरी नक्की सापडेल. हलकं दाबलं की वरचं कळतं, जोरात दाबलं की तळाचं. स्तन पाहायची रीतही हीच.

ओळख करून घेण्याची रीत

वयात आलेल्या, म्हणजे वीस वर्षांच्या पुढच्या कोणाही बाईला हे घरच्या घरी करता येतं. पाळी येऊन गेल्यावर तीन-चार दिवसांनी पाहावं. तेव्हा ठणका आणि जडपणा उतरलेला असतो. पाळी कायमची थांबली असेल, तर महिन्यातली एक तारीख ठरवावी. समजा, १ तारीख. लक्षात ठेवायला सोपी.

आधी डोळ्यांनी. आरशासमोर उभं राहायचं. एकदा हात खाली सोडून, एकदा डोक्यावर उंच करून, एकदा कमरेवर दाबून पाहायचं. आकार नेहमीसारखा आहे ना? त्वचेला कुठे खळी पडलीय का? संत्र्याच्या सालीसारखी जाड, छिद्रांची झालीय का? स्तनाग्र नव्यानंच आत ओढलं गेलंय का? पूर्वीपासूनच आत असेल, तर ते त्या बाईचं नेहमीचं; त्याची काळजी नको.

मग बोटांनी. उताणं झोपायचं, ज्या बाजूला पाहायचं त्या खांद्याखाली टॉवेलची घडी आणि तो हात डोक्याखाली. दुसऱ्या हाताची मधली तीन बोटं सपाट ठेवून छोटे गोल फिरवत जायचं. आधी हलकं, मग मध्यम, मग थोडं जोरात. गळ्याच्या हाडापासून स्तनाच्या खालच्या कडेपर्यंत आणि छातीच्या मधल्या हाडापासून काखेपर्यंत. शेत नांगरताना जसे एकामागून एक तास घेतात, तसं ओळीनं. काख विसरायची नाही.

पहिल्यांदा पाहणारी बाई घाबरते. "अगं बाई, इथे तर सगळीकडे गाठीच लागतायत!" तसं नसतं. कोणाचे स्तन मऊ लागतात, कोणाचे तांदळाच्या पुरचुंडीसारखे कणीदार. काखेकडचा वरचा भाग जरा भरीव लागतो, कारण तिथे ग्रंथी जास्त असतात. खालच्या कडेला एक टणक कड लागते. खोल दाबलं की बरगड्या लागतात. दोन-तीन महिने पाहिलं की हा नकाशा पाठ होतो. मग नवी गोष्ट आली तर बोटं आपोआप थबकतात.

शांघायचा धडा आणि मुंबईचा धडा

आता एक महत्त्वाची गोष्ट. "दर महिन्याला स्वतः पाहिलं, की झालं. आता डॉक्टर नकोत," असं कोणी समजू नये. चीनमधल्या शांघाय शहरात कापड गिरण्यांमधल्या २,६६,०६४ कामगार स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. १९८९ मध्ये तो सुरू झाला. निम्म्या स्त्रियांना स्वतः तपासणी करायला नीट शिकवलं, निम्म्यांना नाही. २००२ मध्ये निकाल आला, तेव्हा दोन्ही गटांत या रोगानं झालेले मृत्यू जवळजवळ सारखेच होते. उलट शिकलेल्या गटात साध्या, निरुपद्रवी गाठींसाठी सुईच्या आणि कापून करायच्या तपासण्या जास्त झाल्या.

म्हणून आज अनेक डॉक्टर म्हणतात, की दर महिन्याची परीक्षा हा काही कायदा नाही. एखादा महिना चुकला, तर जीव टांगणीला लावू नका. आंघोळीच्या वेळी सहज ओळख ठेवली तरी चालेल. पण आपलं नेहमीचं काय ते ठाऊक ठेवा, बदल वाटला तर लगेच दाखवा आणि जाणत्या हाताकडून अधूनमधून तपासून घ्या.

जाणता हात किती उपयोगी पडतो, हे आपल्या मुंबईनं दाखवलं. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयानं १९९८ मध्ये मुंबईतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या स्त्रियांची तपासणी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा झाली. तपासत कोण होतं? मोठे डॉक्टर नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका! हातांनीच तपासायचं, यंत्र नाही. २० वर्षं लक्ष ठेवल्यावर, २०२१ मध्ये, निकाल प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या गटात रोग लवकरच्या पायरीवर सापडला. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या रोगानं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मात्र मृत्यू तेवढे घटलेले दिसले नाहीत. म्हणून तरुण बाईनंही "मागच्या वर्षी तपासलंय" म्हणून नवा बदल अंगावर काढू नये.

सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांवरच्या स्त्रियांसाठी अशी तपासणी आहे. आपल्या गावातल्या आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेला विचारा. त्या कुठे, कधी, ते सांगतील.

बदल जाणवला तर?

पहिली गोष्ट, घाबरायचं नाही. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण मुलींत तर बोटाखाली गोटीसारखी सरकणारी साधी गाठ पुष्कळ वेळा आढळते.

दुसरी गोष्ट, "दुखत नाही ना, मग राहू दे," असं म्हणायचं नाही. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. म्हणूनच तर ती फसवते.

तिसरी गोष्ट, लेप, चोळणं, शेकणं, अंगारा यांत दिवस घालवायचे नाहीत. डॉक्टर आधी हातांनी तपासतात. मग गरजेप्रमाणे सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा क्ष-किरण फोटो, काढतात. शंका राहिली तर सुईनं गाठीचा अगदी छोटा तुकडा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सुईनं रोग पसरतो, हा निव्वळ गैरसमज आहे.

आणि चौथी गोष्ट थेट तुमच्याशी, मुलांनो. आपल्या आया काय म्हणतात, ते ऐकलंय ना? "सुगी होऊ दे." "नणंदेचं लग्न पार पडू दे." "पोरांच्या परीक्षा संपू देत, मग बघू." पण गाठ परीक्षेसाठी थांबत नाही. तुमची घटक चाचणी पुन्हा देता येईल, सहामाहीत चार गुण कमी पडले तर वार्षिकला भरून काढता येतील. तेव्हा आईला स्पष्ट सांगा, "आई, आमचा डबा आम्ही भरतो. तू आधी दवाखान्यात जाऊन ये." आणि बाबांनो, तुम्ही फक्त पैसे काढून देऊ नका. सोबत जा. बाहेरच्या बाकावर बसून राहिलात, तरी तिला धीर येतो.

हे सारं आईशी बोलायचं कसं, असं वाटत असेल तर सोपी युक्ती सांगते. तोंडानं बोलूच नका. आज रात्री जेवणं झाली, की हा अंक याच पानावर उघडून तिच्या हातात द्या आणि आपण भांडी आवरायला उठा. वाचून झालं, की खालची चौकट कापा आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. तिथे ती रोज दिसेल, आणि पाहुण्यांसमोर लाजायचाही प्रश्न नाही!

कापून ठेवा

डॉक्टरांना लगेच दाखवा :
• स्तनात किंवा काखेत नवी गाठ किंवा जाडसरपणा
• आकारात नव्यानं पडलेला फरक
• त्वचेला खळी, संत्र्याच्या सालीसारखी त्वचा, न जाणारी लाली
• स्तनाग्र नव्यानं आत ओढलं जाणं, त्यावर न भरणारी जखम
• स्तनाग्रातून आपोआप येणारं रक्त किंवा पाण्यासारखा स्राव

दुखत असो वा नसो. वय कितीही असो. बाई असो वा पुरुष.